खतकुंडीतील झुरळे

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आमच्या आधी बोललेल्या विद्वान वक्त्यांनी उच्च शिक्षण, उद्योगधंदे आणि विवाहातील वाढता खर्च अशा गंभीर विषयांवर आपले विचार मांडले. त्यांच्यामागून उभे राहून झुरळांविषयी बोलण्याचा प्रसंग आमच्यावर आला आहे. कार्यक्रमपत्रिकेतील विषय वाचून काही मंडळी हसली, काहींनी नाके मुरडली. दोन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत. परंतु गेल्या गुढीपाडव्यास आपल्या महिला शाखेने ज्या कुटुंबांना ओल्या कचऱ्याचे खत करण्यासाठी खतकुंड्या वाटल्या, त्यांपैकी निम्म्याहून अधिक कुंड्या दिवाळीपर्यंत रिकाम्या होऊन माळ्यावर गेल्या. आणि का म्हणून चौकशी करता बहुतेक घरांतून एकच उत्तर मिळाले, ते म्हणजे झुरळे. तेव्हा या क्षुद्र प्राण्याने आपल्या संस्थेच्या एका चांगल्या उपक्रमाचा पराभव केला आहे, हे मान्य करूनच आपणांस पुढे जावे लागेल.

आम्ही कोणी कृषिशास्त्रज्ञ नव्हे, की कीटकशास्त्रज्ञ नव्हे. जुनी मॅट्रिक, त्यावर अध्यापनाची पदविका आणि अडतीस वर्षांची प्राथमिक शाळेतील मास्तरकी, एवढेच आमचे भांडवल. मात्र या बाबतीत आम्ही स्वतः नापास झालो, पुन्हा परीक्षेस बसलो आणि कसेबसे उत्तीर्ण झालो. नापास झालेल्या विद्यार्थ्यास अवघड प्रश्न कोणते, हे पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक ठाऊक असते. त्याच अधिकाराने चार शब्द बोलतो.

आमचे बिऱ्हाड पुण्यात तिसऱ्या मजल्यावर आहे. घरात आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई आणि सात वर्षांचा नातू अशी पाच माणसे. रोजचा ओला कचरा तराजूत घालून पाहिला, तो सरासरी पाऊण किलो भरला. सेवानिवृत्तीनंतर काही समाजोपयोगी कार्य करावे या उत्साहाने आम्ही मागील गॅलरीत खतकुंडी मांडली. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, उरलेला भात, आमटीचा गाळ, जे जे निघेल ते आम्ही त्यात ओतीत गेलो आणि झाकण लावून निश्चिंत राहिलो. पंधरा दिवसांनी कुंडीस दुर्गंधी सुटली. तिसऱ्या आठवड्यात रात्री दिवा लावून झाकण उचलले, तो आतून वीस-पंचवीस झुरळे चारही दिशांना पळाली आणि त्यांतील काही थेट स्वयंपाकघरात शिरली.

येथून घरातील शांततेस तडा गेला. नातवास लहानपणापासून दम्याचा त्रास आहे. झुरळांची विष्ठा, लाळ आणि त्यांच्या टाकलेल्या कातीचे कण हवेत मिसळून दमा बळावतो, असे त्याच्या डॉक्टरांनी पूर्वीच सांगितले होते. अमेरिकेतील शहरी वस्त्यांत दमेकरी मुलांची जी मोठी पाहणी झाली आणि जिचा वृत्तांत १९९७ साली प्रसिद्ध झाला, तिचा निष्कर्षही हाच आहे: ज्या मुलांस झुरळांची ॲलर्जी आहे आणि ज्यांच्या निजण्याच्या खोलीत झुरळांचे कण अधिक आहेत, त्यांस रुग्णालयात दाखल करण्याची वेळ अधिक वेळा येते. त्या आठवड्यात नातवास दोन रात्री धाप लागली. तिसऱ्या दिवशी सूनबाई आमच्यासमोर येऊन शांतपणे म्हणाल्या, "नाना, तुमच्या कामाला माझा विरोध नाही, पण त्या कुंडीपायी पोराला त्रास होणार असेल, तर ती या घरात राहता कामा नये." आम्हांस उत्तर सुचले नाही, कारण त्यांचे म्हणणे खरे होते.

खरे म्हणजे तेव्हाच आम्ही कुंडीत काय चुकले याचा विचार करावयास हवा होता. परंतु मास्तरकीत मुरलेला अहंकार आडवा आला. कुंडीचा दोष मानणे म्हणजे आमचा दोष मानण्यासारखे होते. म्हणून आम्ही दोष झुरळांच्या माथी मारला, बाजारातून विषारी फवारा आणला आणि अख्खा डबा त्या कुंडीत रिकामा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी झुरळे उताणी पडलेली दिसली. पण त्यांच्याबरोबर खत करणारे इतर सारे किडेही मेले होते आणि कुंडीत एक काळा, चिकट, घाणेरडा लगदा तेवढा उरला होता. आम्ही तो एका पिशवीत भरला आणि दारावर कचरा घ्यावयास येणाऱ्या ताईंच्या बादलीत टाकून मोकळे झालो.

पुण्यात घरोघर फिरून कचरा घेणाऱ्या या भगिनींविषयी आपणांस माहिती असेलच. कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत १९९३ साली स्थापन झाली आणि पुढे २००८ साली त्यांतूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. आमच्याकडे येणाऱ्या ताई खाली जाऊन ओला आणि सुका कचरा हाताने वेगळा करतात. त्या दिवशी त्यांच्या उजव्या हाताचा मोजा फाटलेला होता. दुसऱ्या दिवशी त्या दारात आल्या तेव्हा हात पदराला पुशीत त्यांनी विचारले, "गुरुजी, काल पिशवीत काय घातलं होतं? रात्रभर हात चुरचुरत होता, मुंग्या येत होत्या."

बंधूंनो, अडतीस वर्षांत आम्ही शेकडो मुलांचे हात स्वच्छ आहेत की नाहीत ते तपासले. नखे वाढलेली असली तर छडी दाखविली. परंतु आमच्या हातून गेलेली वस्तू पुढे कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न आम्हांस कधी पडला नव्हता. आम्ही त्यांस खरे काय ते सांगितले, क्षमा मागितली, हात साबणाने नीट धुवावयास लावले आणि नवे मोजे आणून दिले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "औषध घातलं असलं तर सांगत जा, वेगळं ठेवीन." त्यांच्या न रागावण्याने आम्ही अधिकच ओशाळलो. कुंडी बंद करण्याचा सोपा मार्ग समोर होता. पण कुंडी बंद केली म्हणजे तोच ओला लगदा रोज त्यांच्याच हातून जाणार, हे आता दिसत होते. म्हणून आम्ही सूनबाईंकडे दोन महिन्यांची मुदत मागितली. या काळात कुंडी घरात न ठेवता इमारतीच्या गच्चीवर राहील आणि तेवढ्यात झुरळे गेली नाहीत तर ती कायमची जाईल, असा करार झाला.

आता प्रथम शत्रूची ओळख करून घेऊ. आपल्या घरांत मुख्यतः दोन जातींची झुरळे आढळतात. एक मोठे, तांबूस तपकिरी, सुमारे दीड इंच लांबीचे. याचा मुक्काम गटारे, मोऱ्या आणि ओलसर कोपरे यांत असतो. दुसरे लहान, अर्ध्या इंचाचे, फिकट पिवळसर, मानेमागे दोन काळ्या रेघा असलेले. हे गॅसच्या शेगडीमागे, कपाटांच्या बिजागऱ्यांत, शीतकपाटाच्या मोटारीजवळच्या उबेत राहते. मोठ्यास शास्त्रज्ञ 'अमेरिकन' म्हणतात, पण ते मूळचे आफ्रिकेतील. आणि लहानास 'जर्मन' म्हणतात, पण २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानुसार त्याचा उगम सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या प्रदेशात झाला. तेव्हा या पाहुण्यास परका म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

हा भेद केवळ कुतूहलाचा नाही. कुंडीत मोठी झुरळे दिसली, तर ती बहुधा मोरीच्या किंवा गटाराच्या वाटेने आलेली असतात. लहान दिसली, तर ती आधीच आपल्या स्वयंपाकघरात राहत होती आणि कुंडीत केवळ जेवावयास जात होती. रोग कुठे आहे हे कळल्याशिवाय औषध कुठे द्यावे ते कळत नाही. आमच्या कुंडीत मोठी झुरळे होती आणि गॅलरीतील मोरीच्या तोंडावर जाळी नव्हती.

झुरळास तीन गोष्टी लागतात: अन्न, पाणी आणि अंधारी फट. यांपैकी पाण्यावाचून त्याचे सर्वांत आधी अडते. मोठे झुरळ अन्नावाचून महिनाभरही जगू शकते, परंतु पाणी नसल्यास त्याची स्थिती अधिक लवकर कठीण होते. आमच्या कुंडीने त्यास काय दिले होते ते पाहा. उघडे पडलेले शिजवलेले अन्न, तळाशी साचलेले पाणी आणि झाकणाखालचा अंधार! धर्मशाळेतही इतकी व्यवस्था नसते. मोठे झुरळ अंग चपटे करून अवघ्या तीन मिलिमीटरांच्या फटीतून आत शिरते, आणि आमच्या कुंडीस हवेसाठी पाडलेली भोके याहून कितीतरी मोठी होती.

येथे आम्हांस आमच्या आजोळची आठवण झाली. परसदारी उकिरडा होता. आजी उष्टे-खरकटे त्यावर टाकीत असे. पण ते टाकल्यावर चुलीतील राख, अंगणातील केरपाला किंवा गोठ्यातील गवताचे चिपाड त्यावर पसरल्याशिवाय ती माघारी वळत नसे. आम्ही लहानपणी त्यास तिचा स्वच्छतेचा हव्यास समजत होतो. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, अशी म्हण आपण विद्यार्थ्यांकडून पाठ करवून घेतो. पण उकिरडा कसा रचावा हे आपण त्यांस शिकविले नाही आणि स्वतःही विसरलो.

आजीच्या त्या सवयीचेच शास्त्रशुद्ध रूप आपल्याच देशात सिद्ध झाले. होळकरांच्या इंदुरात सर अल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ ते १९३१ या काळात वनस्पतिसंशोधन संस्थेचे प्रमुख होते. त्यांनी यशवंत वाड या आपल्या सहकाऱ्याच्या मदतीने शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते ठराविक काळाने उलथून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत बसविली. तीच पुढे 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. या विषयावरील त्या दोघांचे पुस्तक १९३१ साली निघाले. जगातील सेंद्रिय शेतीच्या चळवळीच्या मुळाशी असलेल्या या पुस्तकावर एका मराठी नावाची मोहर आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

या पद्धतीचे मर्म असे की, ओल्या पदार्थांत नत्र अधिक असते आणि सुक्या पदार्थांत कर्ब अधिक. खत करणाऱ्या सूक्ष्म जीवांस एक भाग नत्रास पंचवीस ते तीस भाग कर्ब असे मिश्रण मानवते. ओलावा निम्म्याच्या थोडा वर असावा. मुठीत घेऊन दाबले असता एखाद-दुसरा थेंब निघावा, धार लागू नये. हे जमले म्हणजे हवा खेळती राहते, दुर्गंधी येत नाही आणि मोठ्या ढिगात उष्णता ५५ ते ६० अंश सेल्सियसपर्यंत चढते. त्या उष्णतेत झुरळ टिकत नाही. परंतु येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ही उष्णता लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी सुमारे एक मीटर असलेल्या ढिगात चढते. आपल्या घरगुती कुंडीत ती चढत नाही. म्हणून "खताच्या उष्णतेने झुरळे आपोआप मरतील" असे कोणी सांगितल्यास घरच्या कुंडीपुरता त्यावर विश्वास ठेवू नये. तेथे झुरळांस येऊच न देणे, हाच उपाय.

आता आम्ही केलेली कृती क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, कुंडी भर दुपारी गच्चीवर उन्हात नेली आणि आतील सर्व ऐवज जुन्या पांढऱ्या चादरीवर पातळ पसरला. झुरळास उजेड सोसत नाही. ती बाहेर पळू लागताच साबणाच्या पाण्याच्या बादलीत लोटली. झुरळ नाकाने श्वास घेत नाही, त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंस बारीक श्वासरंध्रे असतात. साबणाच्या पाण्याने ती बुजतात आणि कोणतेही विष न घालता झुरळ मरते. काळपट तपकिरी, फरसबीच्या लहान दाण्यासारख्या अंडपेट्या सापडल्या, त्या एकेक करून चिरडल्या. मोठ्या झुरळाच्या अशा एका पेटीत चौदा-पंधरा अंडी असतात, तेव्हा हे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये. दुपारभरात साळुंक्या येऊन उरलेसुरले किडे वेचून गेल्या.

दुसरी गोष्ट, कुंडी धुऊन दोन दिवस उन्हात वाळविली. हवेच्या भोकांवर आतून बारीक जाळी चिकटविली. झाकण घट्ट बसेल असे पाहिले. तळास थेंबथेंब पाणी निघून जाईल असे छिद्र ठेवून खाली ताटली ठेवली आणि ती रोज रिकामी करू लागलो.

तिसरी गोष्ट, ओला कचरा जितका, निदान तितकाच सुका पाला मापाने त्यात मिसळू लागलो. कलिंगडासारखी पाणीदार साल असली तर दुप्पट. वाळलेली पाने, नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा लाकडाचा भुसा यांपैकी काहीही चालते. कचरा टाकल्यावर वर दोन बोटे जाडीचा सुका थर पसरल्याशिवाय झाकण लावावयाचे नाही, हा आजीचा नियम पुन्हा सुरू केला. पुठ्ठ्याचे तुकडे मात्र टाकू नयेत, कारण नालीदार पुठ्ठ्याच्या पोकळ्या झुरळांस राहण्यास फार आवडतात. पाल्याचे पोतेही जमिनीवर न ठेवता टांगून ठेवावे आणि पाला आधी उन्हात वाळवून घ्यावा.

चौथी गोष्ट, तेलकट पदार्थ, दही-ताक, मासळी आणि शिजवलेले अन्न कुंडीत घालणे बंद केले. अन्न उरू नये याकडे त्यामुळे आपोआप लक्ष गेले, हा एक आनुषंगिक लाभ.

पाचवी गोष्ट, कुंडी भिंतीपासून वीतभर दूर, लाकडी चौरंगावर ठेवली आणि चौरंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. आपल्या लहानपणी मुंग्यांपासून फडताळाचे रक्षण असेच करीत असत. मात्र या वाट्यांत साबणाचा थेंब टाकून पाणी दर तिसऱ्या दिवशी बदलावे; नाही तर झुरळे जातील आणि डेंग्यूचे डास येतील!

सहावी गोष्ट, दर तिसऱ्या दिवशी कुंडीतील मिश्रण काठीने खालवर केले. झुरळास शांतता प्रिय आहे. ज्या घरात रोज उलथापालथ होते तेथे ते संसार थाटीत नाही.

सातवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कुंडीबाहेरचा बंदोबस्त. मोऱ्यांच्या तोंडांवर जाळ्या बसविल्या. रात्री ओट्यावर पाणी आणि उष्टी भांडी राहू द्यावयाची नाहीत असे ठरले. गळका नळ दुरुस्त केला. ज्यांच्या स्वयंपाकघरात लहान झुरळे आहेत त्यांनी बोरिक पावडर, कणीक आणि साखर यांच्या गोळ्या कपाटांच्या मागे, मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवाव्या. पण त्या गोळ्या किंवा कोणताही फवारा, खडू, भुकटी खतकुंडीत कदापि घालू नये. विष खतात उतरते, खतातून झाडांत जाते, आणि त्याआधी ते कोणाच्या तरी हातास लागते.

उपाय गुणकारी झाला की नाही, हे मास्तराने मोजल्याशिवाय कसे मानावे? आम्ही काचेची एक रुंद तोंडाची बरणी घेतली, आत केळ्याचा तुकडा टाकला आणि तोंडाच्या आतल्या बाजूस व्हॅसलिनचा पातळ लेप दिला. झुरळ आत उतरते, पण निसरड्या काचेवरून वर चढू शकत नाही. ही बरणी आठवड्यातून एकदा रात्री कुंडीजवळ ठेवीत असू आणि सकाळी सापडलेल्या झुरळांची संख्या नातू दुरूनच विचारून वहीत लिहीत असे. त्याच्या अक्षरातील ते आकडे असे आहेत: पहिल्या आठवड्यात १९, दुसऱ्यात ११, तिसऱ्यात १२, चौथ्यात ५, सहाव्यात २ आणि आठव्यात शून्य. तिसऱ्या आठवड्यात संख्या वाढली, कारण आम्ही दोन दिवस गावी गेलो असता सुका थर घालावयाचा राहून गेला होता. वहीने आमची चूक पकडली.

कराराप्रमाणे वही सूनबाईंपुढे ठेवली. त्यांनी ती पानोपान पाहिली आणि म्हणाल्या, "कुंडी राहू द्या, पण गच्चीवरच राहू द्या." आम्हांस हा निकाल पूर्ण मान्य आहे. येथे आम्ही आपणांसही स्पष्ट सांगतो की, ज्या घरात दमेकरी मूल किंवा वृद्ध मनुष्य असेल, तेथे कुंडी निजण्याच्या खोलीपासून आणि स्वयंपाकघरापासून दूर असावी. गच्ची किंवा अंगण नसेल तर शेजाऱ्यांनी मिळून एकच कुंडी इमारतीच्या आवारात ठेवावी. खताच्या उत्साहात घरच्या माणसाचा श्वास विसरता कामा नये. ती चूक आम्ही केली होती. पहिल्या पावसाळ्यात, हवेत ओल वाढली तेव्हा, बरणीत पुन्हा चार झुरळे आली हेही सांगितले पाहिजे. पाला वाढविला, तेव्हा ती गेली. म्हणजे हे एकदाच करून संपणारे काम नाही, नित्याचे आहे.

आता कोणी म्हणेल, इतका उपद्व्याप हवा कशाला? कर भरतो, कचरा नेण्याची व्यवस्था आहे, पिशवी बांधून देऊन टाकावी. बंधूंनो, पिशवी बांधून दिली म्हणजे ती नाहीशी होत नाही. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात पडत आला. तेथील विहिरींचे पाणी बिघडले म्हणून ग्रामस्थांना पुनःपुन्हा आंदोलने करावी लागली. मुंबईत १९२७ पासून कचरा साठत आलेल्या देवनारच्या ढिगास जानेवारी २०१६ मध्ये आग लागली, तेव्हा तिचा धूर कित्येक दिवस आसपासच्या वस्त्यांतील मुलांच्या छातीत जात होता. आमच्या नातवास दोन रात्री धाप लागली तर आमचे घर हादरले. तेथील नातवंडांचे काय? त्याच वर्षी केंद्र सरकारने केलेल्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक असा कचरा घरातच वेगळा करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले. पण कायदा दारापर्यंत येतो, ओट्यापर्यंत आपणच जावे लागते.

आणखी एक गोष्ट ज्ञातीच्या या व्यासपीठावरूनच बोलणे आम्हांस उचित वाटते. घाण आपली, पण तिला लागणारे हात दुसऱ्या जातीचे, ही व्यवस्था आपल्या समाजाने शतकानुशतके चालविली. आपल्या घरांतून उष्ट्याला हात न लावण्याचे संस्कार मोठ्या अभिमानाने झाले. त्या संस्कारास महाराष्ट्रातील थोरांनी कृतीने उत्तर दिले आहे. गाडगेबाबा १९५६ साली निवर्तले, तोवर हातातील खराटा त्यांनी खाली ठेवला नाही. अप्पासाहेब पटवर्धन हे उच्चवर्णीय, उच्चविद्याविभूषित गृहस्थ. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपणांस करू द्यावे म्हणून त्यांनी उपवास आरंभिला, आणि पुढे कणकवलीस गोपुरी आश्रमात मैला व कचरा यांपासून खत करण्याचे प्रयोग केले. त्यांच्या मानाने आपणांस करावयाचे काय आहे? आपल्याच भाजीच्या देठांवर मूठभर पाला पसरावयाचा आहे. झुरळांची किळस आम्हांसही येते. परंतु त्या किळसेपोटी आम्ही जे दाराबाहेर ढकलले, ते दुसऱ्या एका माणसाच्या हातास चुरचुरले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून संमेलनापुढे दोन नम्र सूचना ठेवतो. पहिली, माळ्यावर गेलेल्या खतकुंड्या येत्या महिन्यात ज्ञातिगृहात आणाव्या. आम्ही आणि आणखी दोघे सेवानिवृत्त शिक्षक त्यांना जाळ्या बसवून देऊ आणि प्रत्येक कुंडीबरोबर सुक्या पाल्याचे एक पोते देऊ. दुसरी, आपल्या मंगल कार्यालयाच्या मागील खतखड्डा झुरळांमुळे बुजवावा असा ठराव कार्यकारिणीपुढे आहे, तो सहा महिने तहकूब ठेवावा. कार्यालयात पंगतीचे शिजवलेले अन्न निघते. ते घरच्या कुंडीसारखे हाताळता येणार नाही. तेथे एक मीटर लांब, रुंद व उंच असा ढीग, भरपूर पाला, थोडे शेण आणि दर आठवड्यास उलथणी हवी. तेवढ्या ढिगात उष्णता चढेल, आणि ती थर्मामीटरने मोजण्याचे काम आम्ही स्वीकारतो. सहा महिन्यांनी आकडे असमाधानकारक निघाले, तर खड्डा बुजविण्याचा ठराव आम्ही स्वतः मांडू.

संमेलन संपल्यावर बाहेर पाल्याची पाच पोती ठेवलेली आहेत. ज्यांच्या घरी कुंडी आहे त्यांनी जाताना एकेक अवश्य न्यावे.